एकेचाळिसावा ट्रक

माणसाच्या जिवाहून मोलाचं या जगात दुसरं काहीही नाही. आमच्या ट्रकदुरुस्तीच्या कार्यशाळेत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या रंगात, हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याच्या बरोबर खाली आग विझवायचं नळकांडं टांगलेलं आहे. त्याची मुदत संपून सात वर्षं झाली.

नळकांड्याशेजारच्या काचेच्या खोलीत रेगिना साव्चुक फोन कानाला लावून उभी होती. फोनवर ती कधी बसून बोलत नसे. बसून बोलणारा माणूस लवकर 'बरं, राहू दे' म्हणतो, असा तिचा अनुभव होता.

"लेओन? अरे, ठेवू नकोस. मी रेगिना. ठेवू न—" तिने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. "ठेवला."

"कितव्यांदा?" मी विचारलं. मी सुट्या भागांच्या कोठीत असतो. माझी खिडकी तिच्या खोलीसमोर उघडते, त्यामुळे एकोणीस वर्षं तिचं सगळं बोलणं, मला हवं असो वा नसो, माझ्या कानांवर पडत आलेलं आहे.

"या आठवड्यात सहाव्यांदा. पण आज ठेवायच्या आधी त्याने सुस्कारा सोडला. पाझर फुटतोय."

"दम लागला असेल. एकसष्ट वर्षांचा आहे तो."

"मीही एकसष्टचीच आहे. एका वर्गात होतो आम्ही. तेव्हाही असाच होता. गुरुजींनी हाक मारली की बाकाखाली पेन्सिल शोधायचा."

साठाव्या वर्षी तिला पेन्शन घेऊन घरी बसता आलं असतं. बसली नाही. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगा नॉर्वेत मासे गोठवतो. "घरी बसून काय करू? फ्रिजशी बोलू?" असं ती म्हणायची. इथे निदान लोक फोन उचलून ठेवत तरी होते.

प्रकरण असं होतं. एका हिवाळ्यात कारखान्यातून बाहेर पडलेल्या ट्रकांमध्ये एक नट ठरलेल्या जोराने आवळायचा राहिला, असं कारखान्याच्या उशिरा लक्षात आलं. चालकाने स्टिअरिंग फिरवलं की ते चाकांपर्यंत पोचवणारा एक जाड दांडा असतो, त्याच्या टोकाला गोटीसारखा सांधा असतो आणि तो सांधा पिन घालून अडवलेल्या एका नटावर तगून असतो. नट जागेवर असेल तोवर गाडी चालकाचं ऐकते. तो गळून पडला, की चालक स्टिअरिंग फिरवत राहतो आणि चाळीस टनांचं धूड आपल्या मर्जीने जातं. दुरुस्ती चाळीस मिनिटांची. फुकट. वर कॉफी.

आमच्या जिल्ह्यात असे एकेचाळीस ट्रक होते. मालकांना लेखी कळवावं असा कायदा आहे, म्हणून वॉर्साच्या मुख्य कार्यालयाने सगळ्यांना पत्रं पाठवली. विषय जिवाचा, म्हणून साधी नाहीत, रजिस्टर पाठवली.

तिथेच घोटाळा झाला. कारण आमच्या स्तारा ग्रोब्ला गावात रजिस्टर पत्र कोणी घेत नाही.

चांगली बातमी शेजारीण आणते, वाईट बातमी रजिस्टर येते, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. दंड, कर, कोर्ट, घटस्फोटित बायको, ही सगळी मंडळी रजिस्टरने येतात. तेव्हा पोस्टमन आला की आपण घरात नसतो. तो पेटीत चिठ्ठी टाकून जातो: पत्र पोस्टात आहे, येऊन घेऊन जा. चिठ्ठी आपण फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावतो. आठवड्याने दुसरी येते, ती पहिलीवर लावतो. चौदा दिवसांनी पत्र आल्या वाटेने परत जातं आणि घरात पुन्हा शांतता नांदते. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून नियम असा, की दोन चिठ्ठ्या ठेवूनही नेलं नाही, तर चौदाव्या दिवशी ते पत्र मिळालं असं धरायचं. आम्ही पत्र घेत नाही, सरकार ते आम्हाला दिल्याचं मानतं. दोन्ही पक्ष समाधानी. या सोयीत फक्त तो नट बसत नव्हता.

एकेचाळिसांपैकी चौघांनी पत्रं नेली. त्यातले तिघे नुकतेच इथे राहायला आलेले होते. चौथ्याला वाटलं, शिकागोच्या काकांनी मृत्युपत्र केलं.

उरलेल्या सदतीस जणांना गाठणं हे रेगिनाचं काम. म्हणजे या मोहिमेपुरत्या काढलेल्या तिच्या नव्या पदाचं काम फक्त यादीतल्या नावापुढे 'पत्र पोचले' अशी खूण करण्याचं होतं, पण तिने ते उगाचच वाढवून घेतलं. एकाला तिने त्याच्या मावशीच्या अंत्ययात्रेत गाठलं. तिथे शिस्त पाळून, जेवण वाढलं जाईपर्यंत गप्प राहिली. एकाच्या आईला फोन केला. त्या माउलीने ट्रकच्या किल्ल्या खारवलेल्या काकड्यांच्या बरणीत टाकल्या आणि लेकाने तारीख ठरवेपर्यंत काढल्या नाहीत. दूध डेअरीच्या वजनकाट्यावर रांगेत उभ्या ट्रकांच्या नंबरपाट्या वाचत ती अख्खा फेब्रुवारी थंडीत फिरली. नोव्हेंबर ते जुलै, चाळीस ट्रक आले. चाळिसांपैकी एकोणतीस जणांचे नट घट्टच निघाले. त्या एकोणतीस जणांनी तिला ऐकवायचं ते ऐकवलं. अकरा जणांचे ढिले होते. ते अकरा जण काहीच बोलले नाहीत, पण अधूनमधून सकाळी तिच्या दारात मशरूमची माळ लटकलेली असायची.

उरला एकेचाळिसावा. लेओन मिरोन्युक.

लेओनकडे एकच ट्रक, तोही दोन वर्षांपूर्वी एका बुडालेल्या कंपनीकडून घेतलेला. चौतीस वर्षं तो ट्रक चालवतोय आणि चौतीस वर्षांत त्याने कोणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. हे तो स्वतः सांगतो, विचारण्याची वाट पाहत नाही. जुलैच्या शेवटच्या रविवारी संत ख्रिस्तोफरच्या सणाला चर्चपुढे गाड्यांची रांग लागते आणि फादर एकेका गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात. त्या रांगेत पहिला मान लेओनचा. अशा माणसाला फोन करून 'तुझ्या गाडीत दोष आहे' म्हणणं म्हणजे भर मांडवात नवरीचं नाक वाकडं आहे म्हणण्यासारखं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता आमचे संचालक पाखोल्स्की चीजकेक घेऊन आले. ते खुशीत असले की चीजकेक आणतात. एकोणीस वर्षांतला हा तिसरा.

"मंडळी, शंभर टक्के!" त्यांनी जाहीर केलं. "देशातली पहिली शाखा. मोहीम आज बंद केली मी. वॉर्साहून मानपत्र येणार आहे."

"साहेब, एक ट्रक यायचाय," रेगिना म्हणाली.

"मिरोन्युक ना? त्याचं तिसरं पत्र मंगळवारी पोचलं."

"त्याने उचललंच नाही."

"चौदा दिवस झाले, रेगिनाबाई. पोचलं असं धरतात."

"नट धरत नाही ना, साहेब."

पाखोल्स्की माणूस वाईट नाही. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग केक कापला आणि सगळ्यांत मोठा तुकडा तिला दिला. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी माझ्या तुकड्यातल्या मनुका मोजत होतो.

रेगिनाने केक खाल्ला नाही. कागदात गुंडाळला आणि माझ्या खिडकीपाशी आली.

"डेअरीच्या काट्यावरच्या बाईने सांगितलं, सोमवारी लेओन दुधाची पावडर घेऊन इटलीला निघतोय. आल्प्सवरून."

"मग?"

"मग काय मग? एक नट दे. नवा. पिनेसकट."

"मोहीम बंद झाली. चिठ्ठी कुठल्या खात्यावर लिहू?"

तिने खिडकीतून हात पुढे केला. मी नट दिला. चिठ्ठी लिहिली नाही. एकोणीस वर्षांतला माझा हा पहिला गैरव्यवहार.

*

रविवारी ऊन चांगलं होतं. चर्चच्या समोर वीस-बावीस ट्रक, नऊ ट्रॅक्टर, अग्निशामक दलाची एक गाडी, मोटारी, आणि सर्वांत शेवटी म्हातारा ओलेस्युक, त्याच्या बॅटरीवरच्या तीनचाकी खुर्चीत. समोरच्या खांबावरच्या घरट्यातून करकोचे खाली बघत होते. रांगेच्या तोंडाशी लेओनचा ट्रक. धुऊन असा लखलखीत केलेला, की फादर वालेरियान यांना काचेत स्वतःची टोपी सारखी करता आली. पुढच्या जाळीला डेलियाच्या फुलांची माळ. लेओन वर बसलेला, टाय लावून. त्याची बायको तेरेसा पायरीशी, हातात पर्स.

फादरनी बादलीत कुंचा बुडवला, आणि तेवढ्यात ट्रकच्या नाकासमोर रेगिना येऊन उभी राहिली. तिच्या मागे आमचा मिस्त्री गेनेक, अंगात त्याचा एकुलता एक सूट, हातात अवजारांची पिशवी. मीही होतो, पण जरा लांब, मोटारींमध्ये. मला शूर म्हणून कोणी ओळखत नाही.

"रेगिना, बाजूला हो," लेओन वरून म्हणाला. "अंगावर पाणी उडेल."

"उडू दे. मलाही पवित्र व्हायचंय."

"तुला बादली पुरायची नाही. टँकर मागवावा लागेल."

रांगेत हशा पिकला. रेगिना हसणं संपेपर्यंत थांबली. "उतर खाली. गेनेकला पाच मिनिटं गाडीखाली जाऊ दे."

"माझ्या गाडीला काही झालेलं नाही. चौतीस वर्षं चालवतोय. एक ओरखडा दाखव."

"त्यातली बत्तीस वर्षं तू दुसरी गाडी चालवत होतास, लेओन."

"फुकट म्हणे! फुकटचं चीज उंदराच्या पिंजऱ्यातच असतं. आज नट बघाल, उद्या गिअरपेटी, परवा म्हणाल, काका, नवीन गाडीच घ्या."

"तीन पत्रं पाठवली तुला."

"रजिस्टर!" लेओन आता खिडकीतून अर्धा बाहेर आला. "रजिस्टर कोण घेतं गं? तू घेतेस?"

रेगिनाने गेनेककडे पाहिलं.

"नाही, बोल ना. आता का बोबडी वळली? पोस्टातली ल्युद्का मला सगळं सांगते. सांग फादरना, तुझ्या फ्रिजवर काय लावलंय."

रेगिनाने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन चिठ्ठ्या."

या वेळी करकोचेही उडाले. ट्रॅक्टरवाल्यांनी भोंगे वाजवले. अग्निशामक दलाचा कप्तान डोळे पुसत होता. त्याच्या घरी चार चिठ्ठ्या असल्याचं मला माहीत आहे.

"हसा," रेगिना म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज फोनवरचाच होता, उभ्याने बोलायचा. "उद्या सकाळी आठ वाजता पोस्ट उघडलं की मी माझं पत्र घेते. फादरसमोर शब्द देते. तू येऊन बघ पाहिजे तर. आता तू उतर."

लेओन विचारात पडला. लोकांसमोर दिलेला शब्द आमच्याकडे पत्रासारखा परत पाठवता येत नाही. त्याने शेवटचा डाव टाकला.

"आज रविवार आहे. रविवारी काम करणं पाप. हो ना, फादर?"

फादर वालेरियान यांनी रांगेकडे पाहिलं. पन्नास गाड्या, एक बादली, आणि घरी त्यांची बहीण कोंबडीचं सूप निवतंय म्हणून दारात उभी. "बैल विहिरीत पडला तर रविवारीसुद्धा काढतात, लेओन."

"माझा बैल पडलेला नाही, फादर."

"तो काठावर उभा आहे का, तेवढंच बघू. उतर."

लेओन उतरला. गेनेकने कोट काढून फादरच्या हातात दिला, चर्चच्या आठवड्याच्या सूचनांचे चार कागद जमिनीवर अंथरले आणि तो ट्रकखाली सरकला. बाहेर त्याचे फक्त पॉलिश केलेले बूट राहिले. फादर गुडघ्यांवर बसून टॉर्च धरू लागले. त्यांच्या मागे वेदीचा सेवेकरी बादली धरून उभा राहिला, कारण बादली खाली ठेवायची की नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"जरा डावीकडे, फादर. अजून. हां."

मग ट्रकखालून गेनेक म्हणाला, "येशू, मारिया."

"आमेन," फादर म्हणाले. त्यांना वाटलं, मिस्त्री प्रार्थना करतोय.

गेनेक बाहेर आला. त्याने हातात पाना घेतलेलाच नव्हता. उघड्या तळव्यावर एक नट होता, ग्रीसने काळा झालेला.

"मी फिरवला नाही," तो लेओनला म्हणाला. गेनेक कमी बोलतो, आणि बोलताना माफी मागितल्यासारखं बोलतो. "बोट लावलं, आला. दोन आट्यांवर होता. पिन नाहीच."

भोंगे थांबले होते. लेओनने तो नट घेतला. त्याने तो दोन बोटांत धरून उन्हात पाहिला, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं. मग चर्चच्या पायरीवर जाऊन बसला.

"गुरुवारी आलो मी," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "डोंगरावरून खाली. सगळी वळणं. बावीस टन माल."

तेरेसा त्याच्याजवळ गेली. या वेळी तो तिला सोबत घेऊन गेला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि तिने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून. ती परत आल्यापासून गावभर शिंपले वाटत होती. माझ्याकडेही एक आहे.

"उतरताना तू गाणं म्हणत होतास," तेरेसा म्हणाली. एवढंच. मग तिने त्याचा टाय सारखा केला. तो सारखाच होता.

रेगिनाने खिशातून नवा नट आणि पिन काढून गेनेकला दिली. गेनेकने तो बसवला, मापाचा पाना लावला, आणि पाना 'कट' असा वाजला. बरोबर जोराला पोचला की तो पाना तसा वाजतो. इतकी शांतता होती, की तो आवाज शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत गेला. गेनेकने पिन घातली, वाकवली, आणि फादरकडून कोट परत घेतला. कोटाला फादरच्या हाताचं ग्रीस लागलं होतं. फादरच्या हाताला ते कुठून लागलं, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

"चला," फादरनी कुंचा उचलला. "पहिली गाडी."

लेओन वर चढला. गाडी सुरू केली. पण पुढे न येता त्याने ती हळूहळू बाजूला घेतली, वळवली, अख्ख्या रांगेच्या कडेने मागे नेली आणि ओलेस्युकच्या तीनचाकी खुर्चीमागे उभी केली. मग इंजिन बंद करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. त्याची पाळी यायला सव्वा तास लागला. फादरचं सूप निवलं.

जाताना तो रेगिनाशी बोलला नाही. तेरेसाने तिच्या हातात एक शिंपला दिला. रेगिनाकडे एक आधीच होता. तिने हाही ठेवून घेतला.

*

सोमवारी आठला दहा कमी असताना पोस्टाच्या दारात लेओनचा ट्रक उभा होता. पावडर भरलेली, ताडपत्री आवळलेली. रेगिना दोन चिठ्ठ्या पर्समध्ये घेऊन आली. आठला दार उघडलं.

"आला लेओन साक्षीला," खिडकीमागची ल्युद्का म्हणाली. "दाखव गं चिठ्ठ्या." तिने त्या पाहिल्या, वही उघडली, बोट फिरवलं. "हे गेलं बाई परत. शुक्रवारी चार वाजता मुदत संपली."

"म्हणजे मी शब्द मोडला," रेगिना म्हणाली.

"तू आलीस ना," लेओन म्हणाला. "शब्द पाळला असं धरतो मी. ल्युद्का, होतं कोणाकडून?"

"हे सांगायचं नसतं," ल्युद्का म्हणाली, आणि सांगितलं. "वॉर्सा. हिच्याच कंपनीचं मुख्य कार्यालय."

लेओनचा चेहरा उजळला. कालपासून पहिल्यांदाच. "अगं, मग बक्षीस असणार! एकेचाळीस गाड्या म्हणजे थट्टा आहे? सोन्याचं घड्याळ वगैरे देत असतील. आणि तू फ्रिजवर लावून बसलीस! शाळेतही पहिला नंबर आलेला तुला शेवटी कळायचा."

"तुला कसं कळायचं? तू बाकाखाली असायचास."

"तिथून जास्त दिसतं," लेओन म्हणाला. त्याने हात पुढे केला. मग विचार बदलून, आमच्या जुन्या पद्धतीने, टोपी काढून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. ल्युद्काने नंतर हे सगळ्या गावाला सांगितलं, म्हणून मला माहीत. मग तो ट्रकमध्ये चढला. आमच्या कार्यशाळेवरून जाताना त्याने एकदाच भोंगा वाजवला, लांब.

रेगिना खोलीत आली, कोट टांगला आणि संगणकात एकेचाळिसाव्या ट्रकपुढे 'दुरुस्त' असं लिहायला बसली. बसली, हे मी मुद्दाम सांगतो. संगणकाने लिहू दिलं नाही. मोहीम शुक्रवारी पूर्ण झाली असून तिच्यात भर घालता येणार नाही, असं तो म्हणाला. तिने तीनदा प्रयत्न केला. पण गेनेकच्या कामाची कुठेतरी नोंद हवी होती, आणि माझ्या कोठीतून एक नट कमी झाला होता. शेवटी आम्ही तिघांनी मिळून मार्ग काढला. कागदोपत्री त्या रविवारी चर्चसमोर लेओन मिरोन्युकच्या ट्रकचे वायपर बदलले गेले.

"बक्षीस असेल म्हणाला," रेगिना मला म्हणाली. "वेडाच आहे. पण विचारून तरी येते."

ती पाखोल्स्कींच्या केबिनमध्ये गेली. दार तिने ओढून घेतलं नाही, त्यामुळे मला दिसत होतं. शुक्रवारचा उरलेला केक टेबलावर होता. तिने काहीतरी विचारलं. पाखोल्स्की उठून उभे राहिले. मग त्यांनी खण उघडून एक कागद काढला, पत्राची प्रत, आणि तिच्यापुढे सरकवली. ती उभ्यानेच वाचू लागली. वाचायला तिला वेळ लागला नाही. चारच ओळी होत्या, मी नंतर पाहिल्या. वाहनं परत बोलावण्याची मोहीम पूर्ण होत असल्यामुळे त्यासाठी निर्माण केलेलं पद रद्द करण्यात येत आहे. नोटिशीची मुदत पत्र मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाईल. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.

"पण मला हे मिळालंच नाही, साहेब," ती म्हणाली.

पाखोल्स्की भिंतीवरच्या त्या निळ्या वाक्याकडे बघत राहिले.

नियमाप्रमाणे ते तिला शुक्रवारी चार वाजता मिळालं होतं.